टिन अम्ब्रेलाजचा ड्रमर

वानखेड्यांची आणि माझी ओळख कुकरच्या शिट्ट्यांवरून झाली. पहिल्या लॉकडाऊनचा तिसरा-चौथा आठवडा असेल. हॉलंडमध्ये, फेल्डहोवनमधल्या आमच्या रांगेत दोन घरांना मिळून एकच भिंत होती आणि मागच्या बागांच्या मध्ये छातीएवढं लाकडी कुंपण. मी कपडे वाळत घालत होते. पलीकडून स्वच्छ मराठीत आवाज आला, "ताई, तुमच्या कुकरची तिसरी शिट्टी वेळेवर होते, चौथी घाईत होते. रिंग ढिली झाली असेल, बघा."

माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. त्या घराच्या दारावर डच आडनावाची पाटी होती. तिथला माणूस पहाटे सायकलवरून कामाला जायचा, तीनच्या सुमारास परतायचा. सावळा, पंचावन्न-छप्पनचा, काटक. आम्ही त्याला सुरिनामी, म्हणजे तिकडून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांपैकी समजत होतो. अभिजित, माझा नवरा, त्याला रोज 'खूदेमॉर्खेन', म्हणजे सुप्रभात, म्हणायचा आणि तोही तेवढंच म्हणून पुढे जायचा.

"तुम्ही मराठी आहात? मग आजवर बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही." मग म्हणाले, "सुधाकर वानखेडे. नागपूर."

आपल्याकडे या उत्तरानंतर लगेच जो प्रश्न येतो तो माझ्याही तोंडून आला. "वानखेडे म्हणजे... नागपुरात नक्की कुठले?"

"इंदोरा," ते म्हणाले. "आणखी काही विचारायचं असेल तर विचारून घ्या ताई. मी सांगतो."

आवाजात राग नव्हता. पण माझा चेहरा तापला. मी काहीतरी पुटपुटून आत गेले. दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या खांबावर कुकरची नवी रिंग ठेवलेली होती.

त्यांच्या घरातून रोज दुपारी चार वाजता भिंतीतून टकटक ऐकू यायची. बरोबर अर्धा तास. आधी मला वाटायचं हीटिंगच्या पाइपमध्ये हवा अडकते. नंतर कळलं, ते रबराच्या गोल तुकड्यावर लाकडी काठ्यांनी वाजवत असत. "हाताचा व्यायाम," एवढंच ते सांगायचे. हेलमंडच्या कापड छापायच्या कारखान्यात ते यंत्रांची देखभाल करत. साथीच्या त्या दिवसांतही कारखाना चालू होता, कारण तिथे दवाखान्यांसाठी कापड निघत होतं. बायको डच, मरायके नाव. ती तीन वर्षांपूर्वी गेली होती. दारावरची पाटी तिच्या आडनावाची होती, ती त्यांनी काढली नव्हती.

त्यांच्या काही सवयी कुंपणावरूनही कळायच्या. कुठे जायचं नसलं तरी शर्टाला कडक इस्त्री. झाडांना पाणी घालतानासुद्धा ओठांत काहीतरी मोजणं. एकदा अभिजित भराभर गवत कापत होता, तेव्हा म्हणाले, "अहो, मशीन तिच्या चालीनं चालू द्या. तुम्ही ढकलून राहिले तिला." 'घाई करायची नाही' हे त्यांचं पालुपद. फोन उचलला की 'जय भीम', मग समोर कोणीही असो. एकदा नगरपालिकेच्या बाईंचा फोन होता. त्या बिचाऱ्यांना वाटलं, यांचं नावच जय आहे.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांची जयंती आली. दरवर्षी ते आम्स्टरडॅमला कार्यक्रमाला जात. त्या वर्षी कुणी कुठे जाऊ शकत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी बागेत टेबल मांडलं, निळं कापड, तसबीर, मेणबत्ती. समोर खुर्ची टाकून मांडीवर ढोलक घेतला आणि गाऊ लागले. आवाज काही विशेष नव्हता. पण हात! आधी सरळ ठेका, मग त्यात एक अडखळ, जणू कुणी जिन्याची एक पायरी गाळून उतरतंय, आणि पुन्हा बरोबर समेवर. शेजारची डच मंडळी आपापल्या बागांतून बाहेर आली. गाणं संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. वानखेड्यांनी उठून सर्वांना नमस्कार केला, खिरीचा वाडगा आमच्या बाजूच्या खांबावर ठेवला आणि मोजून तीन पावलं मागे सरकले.

"हा ठेका कुठला?" मी विचारलं.

"माझ्या बाबांचा. त्यांची गायन पार्टी होती. गिरणीत पाळी संपली की गावोगाव जायचे." मग म्हणाले, "इंग्लंडमध्ये पण वाजला हा. बरंच वाजला."

त्याचा अर्थ मला नोव्हेंबरात कळला.

त्या दिवशी त्यांनी दार वाजवलं, जे ते कधीच करत नसत. "ताई, प्रिंटर आहे ना तुमच्याकडे? एक पान छापायचं होतं." त्यांनी पाठवलेली लिंक मी उघडली. एका छोट्या इंग्रजी रेकॉर्ड कंपनीचं पान होतं. 'द टिन अम्ब्रेलाज' नावाच्या, तीस वर्षांपूर्वीच्या एका बँडच्या दोन रेकॉर्ड पुन्हा निघणार होत्या आणि त्यासोबत बँडचा इतिहास. उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या शहरात तिघांनी मिळून हा बँड काढला होता. गायक केनी, बेस गिटार वाजवणारी हेलन आणि ड्रमर वॉन केडी. मोठ्या कंपन्यांनी नाकारलेला, लहान सभागृहांत वाजवणारा, पण नंतरच्या कित्येकांनी ज्यांच्याकडून घेतलं असा बँड. त्यांच्या ठेक्याबद्दल एक अख्खा परिच्छेद होता. शेवटी लिहिलं होतं, की युरोपच्या दौऱ्यातून वॉन केडी भारतात परतले आणि काही वर्षांनी तिथेच त्यांचं निधन झालं असं केनी सांगतो.

"हे कोण?" मी विचारलं.

"मी," वानखेडे म्हणाले. "नीट छापा. दोन प्रती काढा. मी मेलो म्हणून राहिले ते लोक."

ते हसले नाहीत. कागद घेऊन त्यांनी घडी घातली, पुन्हा उलगडली. मी त्यांना बसायला सांगितलं, पण ते दारातच उभे राहिले. दारातच त्यांनी मला सुरुवात सांगितली आणि बाकीचं पुढच्या महिना-दीड महिन्यात, कुंपणापाशी, थंडीत कोट घालून.

सरकारी शिष्यवृत्तीवर ते कापडाचं तंत्र शिकायला तिकडे गेले होते. एका लाँड्रीत, कपडे मशीनमध्ये फिरत असताना, भिंतीवर चिठ्ठी दिसली, 'ड्रमर हवा'. त्यांनी आयुष्यात ड्रमला हात लावला नव्हता. तरी गेले. चर्चच्या तळघरात केनी आणि हेलन वाट बघत होते. "मी बसलो आणि बाबांचा ठेका काठ्यांनी वाजवला. दुसरं येतच काय होतं मला? केनीनं गिटार खाली ठेवली. म्हणाला, पुन्हा वाजव. मग म्हणाला, पुन्हा. सात वेळा वाजवायला लावलं."

तीन वर्षं ते एका जुन्या व्हॅनमधून फिरले. केनी गाडी चालवायचा, हेलन नकाशा धरायची, वानखेडे मागे ड्रमच्या खोक्यांवर झोपायचे. पदवी मिळाली, नोकरी मात्र शोधली नाही. घरी कळवलं की संशोधन चालू आहे.

पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा वेष्टनावरची नावं केनीनं छापखान्याला फोनवरून सांगितली. वानखेडे हे आडनाव त्या तारेतून पलीकडे पोचलं ते 'वॉन केडी' होऊन. हेलन संतापली. ती म्हणाली, पुन्हा छापून घेऊ. वानखेडेच म्हणाले, राहू दे.

"का राहू दिलंत?"

ते बराच वेळ कुंपणाच्या फळीवरचं शेवाळ नखाने काढत राहिले. "ताई, वॉन केडी म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा नाही. कुणाला वाटायचं वेल्सचा असेल, कुणाला आणखी कुठला. पोस्टरवर मी मागे, अंधारात. आयुष्यात पहिल्यांदा माझं आडनाव ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?"

मी मान खाली घातली. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं नव्हतं, पण मला लागलं.

सुट्टीत ते रेकॉर्ड घेऊन नागपूरला गेले. बाबांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, चष्मा लावून एकेक अक्षर लावलं. मग विचारलं, "काहून रे, तुझं नाव कुठं आहे याच्यात?" मुलानं बोट ठेवून दाखवलं. बाबा म्हणाले, "हे कोणाचं नाव आहे? आमच्या लोकांना किती पिढ्यांनी नाव लावता आलं नीट. तू तिकडे जाऊन पुसून आला." रेकॉर्ड वाजवायला घरात यंत्र नव्हतं. त्यांचा ठेका साहेबाच्या गाण्यात कसा बसला हे बाबांनी कधी ऐकलंच नाही. वर्षभराने ते वारले. तार मिळाली तेव्हा बँड स्कॉटलंडमध्ये होता. वानखेडे पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतरच्या दौऱ्यात ते हॉलंडला आले. हिल्व्हरसमला रेडिओवर मुलाखत होती. निवेदकानं विचारलं, रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यातला तो अडखळणारा ठेका कुठून आला? वानखेडे तोंड उघडणार एवढ्यात केनी म्हणाला, "पत्र्यावर पाऊस पडत होता, त्यावरून सुचलं आम्हाला. म्हणून तर पत्र्याच्या छत्र्या!" सगळे हसले. निवेदकही हसला.

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"नाही. माईक माझ्यासमोर पण होता. नाही बोललो."

दुसऱ्या दिवशी आइंडहोवनला कार्यक्रम झाला. त्यांनी वाजवला, नेहमीसारखाच. सकाळी व्हॅन बेल्जियमला निघाली तेव्हा ते सभागृहाच्या स्वयंपाकघरात बसून राहिले. केनीनं बाहेरून तीनदा हॉर्न वाजवला. हेलन आत आली, त्यांच्याकडे बघितलं आणि परत गेली. व्हॅन गेली. स्वयंपाकघरात बँडवाल्यांसाठी सूप करणारी एक उंच मुलगी होती. तिनं त्यांच्यासमोर वाडगा ठेवला आणि नाव विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट. तिला ते एका दमात म्हणता आलं नाही, तर तिनं कागदावर लिहून घेतलं. ती मरायके.

हे सगळं ऐकल्यावर मी त्यांच्या मागेच लागले. "दादा, त्या कंपनीला लिहा. केनी जिवंत आहे, हेलन जिवंत आहे. एक ईमेल तर करायची."

"करू ना. घाई काय आहे? तीस वर्षं थांबलं, महिनाभर आणखी थांबेल. नीट लिहायला हवं." त्यांनी एक वही घेतली होती. रोज थोडं लिहायचे, खोडायचे. एकदा मला वाचून दाखवलं. सुरुवातीलाच केनीला चार शब्द सुनावले होते. दुसऱ्या दिवशी ते पान फाडलेलं होतं. ख्रिसमस गेला. जानेवारीत इकडे नियम आणखी कडक झाले, तिकडे इंग्लंडात परिस्थिती वाईट होती, तिथून येणारी विमानंही बंद झाली.

मग एका मंगळवारी त्याच पानावर केनीचा फोटो आला, खाली दोन तारखा. तीन आठवडे तो इस्पितळात होता. अंत्यविधीला मोजकीच माणसं, बाकीच्यांसाठी इंटरनेटवरून दाखवणार होते.

घरी एकाच पाहुण्याला येऊ द्यायचा नियम होता. वानखेडे आमच्याकडे आले. काळा कोट, काळा टाय, बूट चकचकीत. अभिजितनं लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. कॅमेरा वर कोपऱ्यात बसवलेला असावा, त्यामुळे सगळ्यांची डोकी तेवढी दिसत होती. दूरदूर मांडलेल्या खुर्च्या, मधे शवपेटी. पांढऱ्या केसांची एक बाई उठून बोलायला उभी राहिली. वानखेडे पुढे झुकले. "हेलन," ते हळूच म्हणाले. "केस पांढरे झाले."

हेलन कागद न घेता बोलली. व्हॅनबद्दल, केनीच्या स्वभावाबद्दल, त्याच्या हट्टीपणाबद्दल. मग म्हणाली, "आता मी एकटी उरले. वॉन आधीच गेला, दूर त्याच्या देशात. आम्हाला त्याचा निरोप घेता आला नाही. आज दोघांचा घेते." आणि तिथल्या कुणीतरी दुसऱ्या बाजूचं ते पहिलं गाणं लावलं. त्या रिकाम्या दालनात, खराब आवाजात, तोच ठेका. पायरी गाळून उतरणारा.

वानखेड्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते हलले नाहीत. गाणं संपेपर्यंत ते ताठ बसून होते. पडदा काळा झाल्यावर त्यांनी टाय सैल केला आणि तोंड हातांत लपवून रडले. मोठ्या माणसाला असं रडताना मी त्याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं, माझ्या वडिलांना. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण दीड मीटरचा तो नियम अंगात भिनलेला. मी उठून पाणी आणलं. अभिजित मात्र नियम विसरून त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"महिनाभर," ते म्हणाले. "महिनाभर खोडत बसलो मी. वाक्य बरोबर होत नाही म्हणून."

त्याच दुपारी, आमच्याच टेबलावर, त्यांनी कंपनीच्या पत्त्यावर हेलनसाठी पत्र लिहिलं. खाडाखोड नाही. मला दाखवलं म्हणून सांगते. 'हेलन, मी जिवंत आहे. आइंडहोवनजवळ राहतो. त्या सकाळी मी काही बोललो नाही, त्याबद्दल माफ कर. माझं नाव सुधाकर वानखेडे. तुला ते तेव्हाही नीट म्हणता येत होतं.' खाली फोन नंबर.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. भिंतीतून शब्द कळत नव्हते, पण दीड-दोन तास त्यांचा आवाज येत होता. तेवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. दुपारी कुंपणापाशी आले तेव्हा डोळे सुजलेले होते.

"त्यानं मला वाचवायला खोटं सांगितलं होतं," ते म्हणाले. "बेल्जियममध्ये लोकांनी विचारलं ड्रमर कुठे, तर हा म्हणाला, त्याच्या घरी कुणी आजारी आहे, तो भारतात गेला. पळाला असं सांगायला त्याला लाज वाटली. त्याची नाही, माझी लाज. मग दरवेळी तेच सांगावं लागलं. हेलनला पण लोकांना तेच सांगावं लागलं. नंतर त्यानं नागपूरला पत्रं टाकली, वॉन केडी, इंदोरा, असा पत्ता लिहून. सगळी परत आली. चार की पाच. तो म्हणाला, गेला असेल बिचारा. नाही तर लिहिलं असतं त्यानं."

"म्हणजे त्याला नाव..."

"त्याला माझं नाव कधी लिहिताच आलं नाही, ताई. आणि मी कधी लिहून दिलं नाही."

त्या छोट्या रेकॉर्ड कंपनीतल्या एका तरुण गृहस्थांनी मग त्यांच्याशी बोलणं चालू केलं. त्यांना मोठी बातमी दिसत होती. ज्याचं नाव पुसलं, ज्याचा ठेका चोरला, तो ड्रमर जिवंत सापडला! वानखेड्यांनी त्यांना स्पष्ट नकार दिला. मी त्या बोलण्याच्या वेळी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता. "चोरला असं लिहायचं नाही," ते इंग्रजीत सावकाश म्हणाले. "त्यानं चुकीचं सांगितलं आणि मी गप्प राहिलो. दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं गाळायचं असेल तर काहीच लिहू नका." गृहस्थांनी बरीच समजूत घालून पाहिली. यांनी फक्त तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

उन्हाळ्यात त्या दोन्ही रेकॉर्ड निघाल्या. इतिहासाच्या पुस्तिकेत ते पान नव्यानं लिहिलेलं होतं. ड्रम : सुधाकर वानखेडे. आणि त्या गाण्याखाली वेगळी ओळ, की हा ठेका नागपूरच्या इंदोऱ्यातले गायक आणि ढोलकवादक तुळशीराम वानखेडे यांच्याकडून आला. एक प्रत त्यांनी आम्हाला दिली, एक नागपूरला बहिणीकडे पाठवली. बहिणीच्या नातवानं फोटो काढून पाठवला होता. वस्तीतल्या सभागृहात भिंतीवर ती पुस्तिका त्या पानावर उघडून, काचेत लावली होती. तो फोटो त्यांनी मला दाखवला आणि लगेच फोन खिशात घातला. "चष्म्याशिवाय दिसत नाही नीट," म्हणाले. चष्मा डोळ्यांवरच होता.

पुढच्या वसंतात बंधनं उठली. हेलननं त्या शहरात, एका सभागृहात, केनीच्या आठवणीचा कार्यक्रम ठरवला आणि यांना वाजवायला बोलावलं. ते गेले. तीन गाणी वाजवली असं हेलननं मला नंतर कळवलं. तिनं असंही लिहिलं, की पहिल्या गाण्यात यांचा हात कापत होता, म्हणून ती त्यांच्याजवळ जाऊन पाठमोरी उभी राहिली, लोकांना दिसू नये म्हणून. तिथून ते परतले तेव्हा आम्ही सुट्टीला पुण्याला गेलो होतो. महिनाभरातच बहिणीच्या आजारपणासाठी ते नागपूरला निघून गेले, आमच्याकडे निरोप ठेवून. पुढे घर विकलं गेलं. आता ते तिकडेच असतात. कधीमधी फोन येतो, उचलला की 'जय भीम'. पण भेट झाली नाही.

त्यामुळे त्यांना शेवटचं पाहिलं ते इंग्लंडला जातानाच. बोटीनं जायचं त्यांनीच ठरवलं होतं. आम्ही त्यांना गाडीनं हूक फान हॉलंडच्या बंदरावर सोडलं. निरोप अगदी साधा झाला. अभिजितशी हात मिळवला, मला म्हणाले, "येतो ताई," आणि बॅग उचलून इमारतीत गेले. आम्ही लगेच निघालो नाही. पुढे पाण्याच्या कडेला जाऊन थांबलो, तिथून बोट जाताना जवळून दिसते असं कुणी सांगितलं होतं.

बऱ्याच वेळानं ती हलली. डेकवर माणसं कमी होती, वारा फार होता. वानखेडे कठड्याशी उभे होते, करड्या कोटात, आणि त्यांच्या शेजारी जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस, ट्रकचालक असावा. आम्ही हात हलवले. त्यांनी पाहिलं नाही. ते त्या माणसाला काहीतरी सांगत होते, दोन्ही हातांनी हवेत ठेका दाखवत, मधेच थांबून, पुन्हा पहिल्यापासून. तो माणूस कानाशी हात धरून वाऱ्यात त्यांच्याकडे वाकला होता. बोट वळेपर्यंत ते बोलत होते.